तिसरी तेजस्वी

प्रिय मोना,

फोनवर बोललो असतो, पण तू रडायला लागलीस की मी कशालाही हो म्हणतो, म्हणून लिहितोय. परवा मुरगूडहून निघालो आणि कागलजवळ टेम्पो पंक्चर. तुझी अनुजावहिनी म्हणते, बहिणीच्या हातची कोंबडी टेम्पोला जड झाली असेल.

तुझं म्हणणं कळतं मला. वसतिगृहाची योजना आपल्या नंदीवाल्यांच्या पोरांसाठीच, पण घरटी दोनच. राजवीर आणि अभिराम तिथं पोटभर जेवतात, शिकतात. तेजस्वी तिसरी, म्हणून तुझ्या भांड्यांच्या पाटीमागं उन्हातान्हात, मिळेल ते खात फिरते. मला मूल नाही, तर तिला कागदावर माझी मुलगी दाखवू म्हणतेस. मी कचेरीत जाऊन आलो. कारकून चहा पीत म्हणाला, नियम सगळ्यांना सारखाच हाय की पावणं, शहाण्याच्या घरात तिसरं नसतंय. मी विचारलं, साहेब, तुम्ही कितवे? पाचवा, म्हणाला, आणि त्याला एकदम चहा गरम लागला. नियम सारखा असेल गं, पण गावोगाव फिरलेल्या आपल्या लोकांत दोनावर थांबलेलं घर शोधून सापडायचं नाही.

आपले आबा नंदी घेऊन लोकांच्या दारात उभे राहायचे, तेव्हा आधी घरातलं बोलणं ऐकून घ्यायचे, मगच नंदीची मान हलायची. ते कान माझ्याकडे आलेत. टेम्पोच्या धंद्यात या कानांनीच मला वर काढलं. परवा तुझ्या अंगणात हात धुताना याच कानांनी भलतंच ऐकलं. तू चुलीपाशी तेजस्वीकडून घोकून घेत होतीस. बाबांचं नाव गुंडू. आईचं अनुजा. आणि मी तुझी कोण? पोर अडखळली. मग म्हणाली, आत्या. तू शाबास म्हणालीस आणि भाकरी थापत राहिलीस. मी तोंड पुसून आत आलो, हसलो, जेवलो.

म्हणून हे पत्र. मी सही करणार नाही. दाजींना रागवायचं तर खुशाल रागवू देत. तेजस्वीच्या शाळेचं, जेवणाचं मी बघतो. मामा आहे, उपकार नाहीत. पण एकीचं भागलं म्हणून बाकीच्यांचं भागत नाही. गडमुडशिंगीच्या आपल्या बायकांशी बोललोय. सोमवारी त्या आपापली तिसरी-चौथी पोरं घेऊन माझ्या टेम्पोतून कचेरीवर येतायत, आणि नियम बदलेपर्यंत दर सोमवारी येणार. तू पुढं बस, तेजस्वीला मांडीवर घेऊन. साहेब तिला विचारतील, यातली तुझी आई कुठली? तिथं ती अडखळायला नको. आजपासूनच तिला तुला आई म्हणू दे.

तुझाच,
गुंडूदादा