बिनसाखरेचं अंड्याचं दूध आणि नंदाची अट

बिबवेवाडी, पुणे
२९ डिसेंबर

ती. श्यामलाताई यांस,
मच्छिंद्रचा सविनय जय भीम.

तुम्हां उभयतांची प्रकृती बरी असेल, अशी आशा आहे. बद्रीनाथरावांचा गुडघा थंडीत कुरकुरत असणारच. त्यांना म्हणावं, गच्चीवर चढून पाण्याची टाकी बघायचं काम आता सोडा. (टाकी भरली की ती आपोआप वाहते आणि सगळ्या गल्लीला कळतं. त्यासाठी गुडघा खर्ची घालायची गरज नाही.) बार्शीला थंडी कितपत आहे? इथे सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा असं चाललंय. मी बरा आहे. निकिता तिच्या कंपनीच्या कामात बुडालेली असते, रविवारी येते आणि आम्हाला चार गोष्टी शिकवून जाते. नंदाही बरी आहे, पण गेले दोन महिने ती बरी नव्हती, आणि त्याबद्दलच लिहायला बसलोय.

हातात फोन असताना या माणसाला पत्राची उबळ कुठून आली, असं तुम्ही म्हणाल. तर आमच्या घरात फोनवर बोललेलं कुणापासून लपत नाही. दोन खोल्या, मध्ये पडदा, आणि तुमचा आवाज, राग मानू नका, स्पीकर न लावताही जिन्यापर्यंत पोचतो. (इतकी वर्षं सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात काढल्यावर परिचारिकेचा आवाज तसा होणारच.) मेसेज पाठवावा, तर माझा मोबाईल माझ्याआधी नंदा वाचते. आणि तिने मला सक्त बजावलंय की ताईला काही कळवायचं नाही, कळलं तर ती पहिल्या एसटीने येऊन उभी राहील. म्हणून हा चोरटा मार्ग.

नंदाची साखर तुम्हाला माहीतच आहे. ती आता गोळ्यांना जुमानत नाही. दिवाळीनंतर डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला आणि पुसत बसले. (चष्मा पुसणाऱ्या डॉक्टरांचा मला पहिल्यापासून धसका आहे.) मग म्हणाले, आता इन्सुलिन सुरू करू. नंदाने पर्स उचलली, येते म्हणाली आणि बाहेर पडली. घरी आल्यावर एवढंच बोलली की एकदा सुई लागली की माणूस परत फिरत नाही, आईचं मी बघितलंय. आता आईंना सुई फार उशिरा लागली म्हणून त्या गेल्या, सुई लागली म्हणून नव्हे, हे तुम्ही तिला शंभरदा समजावलंय. पण ते तिच्या डोक्यात शिरतं आणि मनापर्यंत पोचायच्या आत कुठेतरी उतरून जातं. मला मात्र डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर आधी डोळे जातील आणि मग किडनी. ताई, मी खडकीच्या कारखान्यात दारूगोळ्याच्या तपासणीला होतो, उभा जन्म स्फोटकांच्या शेजारी डबा खाल्ला, पण कधी भ्यालो नाही. त्या दिवशी भ्यालो.

इन्सुलिनचं पेन आणून मी फ्रीजच्या दारात ठेवलं. सुई कशी द्यायची ते दवाखान्यातल्या मुलीने मला संत्र्यावर शिकवलं आणि घरी मी वांग्यावर सराव केला. (त्या वांग्यांची भाजी नंतर निमूट खाल्ली गेली.) नंदा रोज फ्रीज उघडायची, पेनाच्या शेजारची कोथिंबीर काढायची आणि दार लावून टाकायची. जेवण दोन घासांवर आलं. मालिकासुद्धा आवाज बंद करून बघायला लागली. म्हणजे बघा.

तेवढ्यात नाताळ जवळ आला. आमचा शमुवेल साळवे तुम्हाला आठवत असेल, माझ्याच खात्यातला, निकिताच्या लग्नात पंगतीत वाढत होता तो. दर नाताळला आम्ही त्याच्याकडे खडकीला जातो आणि तो आम्हाला एगनॉग पाजतो. आपण त्याला अंड्याचं दूध म्हणू. अंड्याचा पिवळा बलक घोटायचा, त्यात दूध, साय, जायफळ आणि साखर, साखर म्हणजे हात सैल सोडून साखर. वर शमुवेल थोडी रमही घालतो. नंदाला ते ठाऊक नाही, असं आम्ही तिघांनी मिळून वर्षानुवर्षं मानलेलं आहे. (तिघांतली तिसरी नंदा.) ती त्या पेल्याची वर्षभर वाट बघते. या वर्षी शमुवेलचा फोन आला तेव्हा म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी येऊन नुसतं इतरांच्या तोंडाकडे बघत बसू का? मी बेसावधपणे बोलून गेलो की त्यात काय, बिनसाखरेचं मी घरी करतो. नंदाने माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं आणि विचारलं, गॅस कुठल्या बाजूला फिरवला की पेटतो? मी दोन्ही बाजूंना बोट दाखवलं. तेव्हा ती म्हणाली, हे बघा, ते दूध बिनसाखरेचं करून दाखवा, मी पेला पूर्ण रिकामा केला तर त्याच दिवशी सुई घेईन, आणि तोवर सुईचा विषय काढायचा नाही. तिला वाटलं, प्रश्न कायमचा मिटला.

दुसऱ्या दिवशी ती भाजीला गेल्याबरोबर मी कामाला लागलो. दूध खदखदून उकळलं आणि त्यात चार अंडी फोडून टाकली. ताई, काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पातेल्यात भुर्जी झाली. दुधातली भुर्जी, वर जायफळ आणि वेलची. नंदा आली, तिने पातेल्यात पाहिलं, कांदा चिरला, मिरची घातली, ती भुर्जी पोळीबरोबर वाढली आणि बसून बघत राहिली. मी दोन वेळा मागून घेतली. स्वाभिमानाचा प्रश्न होता. शमुवेलला फोन केला तर तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, अरे, अंडं दुधात नाही घालायचं, कोमट दूध थोडं थोडं अंड्यात घालायचं, आणि मंद आचेवर ढवळत राहायचं, उकळी येऊ द्यायची नाही.

मग गोडीचा प्रश्न. मी खजुरावर भिस्त ठेवून होतो. रविवारी निकिता आली आणि म्हणाली, पप्पा, खजूर म्हणजे पण शुगरच, नो ॲडेड शुगर लिहिलं म्हणून मम्मीचं ब्लड थोडीच वाचणार आहे. मध बाद, गूळ बाद, काकवी बाद. त्या कृत्रिम गोळ्या नंदाला कडू लागतात. तेव्हा गोडीची आशा सोडून मी वासावर जोर द्यायचं ठरवलं. (निकिताने जाता जाता एक युक्ती सांगितली की चिमूटभर मीठ घातलं की दुधाची आपली गोडी वर येते. पोरगी हुशार आहे.) चांगलं जायफळ हवं म्हणून मार्केट यार्डात गेलो. व्यापाऱ्याला म्हटलं, एक जायफळ द्या. त्याने हिशेबातून मान वर केली आणि विचारलं, काका, पिशवी आणलीय का, की टेम्पो बोलवू? मला अपमान सहन होत नाही. पाव किलो घेतलं. तुम्ही पुरणपोळ्या कराल तेव्हा कळवा, बार्शीला सगळ्या आळीला पुरेल इतकं पाठवतो.

घेतलंच आहे तर वापरू, म्हणून दुसऱ्या खेपेला एक अख्खं जायफळ किसून घातलं आणि तपासणी खात्यातला माणूस असल्याने आधी स्वतः पेला भरून प्यायलो. सकाळी दहाला खुर्चीत बसलो तो दिवेलागणीला डोळे उघडले. समोर स्टुलावर नंदा बसली होती आणि तिचा हात माझ्या मनगटावर होता. किती वेळ बसली होती कोण जाणे. हाका मारून, गदागदा हलवून झालं होतं म्हणे. खालच्या मजल्यावरच्या सूरजने येऊन नाडी बघितली आणि काका घोरतायत, असा निर्वाळा दिला होता. मी जागा झाल्यावर ती उठली, मोरीत गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. तेव्हापासून मी कानाला खडा लावला, यापुढे स्वतः चव घ्यायची नाही.

तिसऱ्या खेपेला मी सगळा दोष दुधावर टाकला. आमचा गवळी सोनबा कात्रजच्या पलीकडून दूध घालतो, जुना माणूस आहे. त्याला सांगितलं, बाबा, नंदाच्या औषधाचा प्रश्न आहे, उद्या तुझ्याकडचं सगळ्यात दाट आणि चांगलं दूध आण. सकाळी दाराशी किटली ठेवलेली. दूध पिवळसर, दाट, बघूनच मन भरलं. शमुवेलच्या पद्धतीने मंद आचेवर ढवळत राहिलो. ढवळता ढवळता चमचा जड झाला, मग अडकला, मग उभा राहिला. शमुवेलला फोन केला तर म्हणतो, रवा घातलास का? मी अंड्यांवर संशय घेतला, पातेल्यावर घेतला, गॅसवरही घेतला. शेवटी नंदा उठून आली, तिने सुरीने एक वडी कापली, तोंडात टाकली आणि मटकन खाली बसून हसायला लागली. दिवाळीनंतर पहिल्यांदा, ताई, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तो खरवस होता. सोनबाची म्हैस व्यायली होती आणि त्याने मायेपोटी पहिल्या दिवसाचा चीक आणून दिला होता. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, औषध म्हनला नव्हं, मंग चिकापरास चांगलं काय हाय? वर बजावलं की किटली धुऊन देऊ नका, म्हस आटती. मी असल्या गोष्टी मानत नाही, हे तुम्ही जाणताच. किटली न धुता दिली. (म्हशीने काय वाचलंय, काय नाही, आपल्याला काय ठाऊक.)

अखेर पंचवीस तारखेला सकाळी, सोनबाचं साधं दूध, शमुवेलची पद्धत, जायफळ नखाएवढं, वेलची, निकिताची मिठाची युक्ती, असं सगळं जुळून आलं. रंग सुरेख, दाटपणा बेताचा, फेस वर. तपासणीच्या भाषेत सांगायचं तर माल पास. चव घेतली नाही, खडा लावलेला होता. पेला नंदाच्या हातात दिला. तिने पहिला घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि ताई, एका दमात सगळा पेला रिकामा केला. ओठ पुसले. ठीक झालंय, म्हणाली. पुण्यात यापेक्षा जास्त कौतुक नसतं. मग उठली, फ्रीज उघडला, पेन काढून माझ्या हातात दिलं आणि पलंगावर बसली. मी सुई दिली. वांग्यापेक्षा हे फार वेगळं असतं, एवढंच सांगतो. नंतर आम्ही रिक्षाने खडकीला गेलो आणि शमुवेलला मी स्वयंपाकाबद्दल चार गोष्टी सुनावल्या.

तर कळवण्याचा हेतू एवढाच की काळजी नसावी. बद्रीनाथरावांना जय भीम.

तुमचा,
मच्छिंद्र

ता. क. तुम्ही दर महिन्याला पार्सल करता तो बुंदीच्या लाडवांचा डबा यापुढे कृपया बंद करावा. ते लाडू मी खातो, असं नंदा तुम्हाला सांगत असेल. मी खात नाही.

ता. क. (दुसरा) खरं सांगायचं तर लाडवांसाठी एवढं लिहिलं नसतं. ताई, तुम्ही पहिल्या एसटीने या. रोज सकाळी मी सुई देतो तेव्हा नंदा तोंड भिंतीकडे फिरवते आणि तिचे खांदे हलत असतात. ती रडते, आणि मला दिसू नये म्हणून तोंड लपवते. ते मला बघवत नाही. तुमचा हात सराईत आहे. या, आणि हे सुईचं काम तुमच्या हाती घ्या. मी बोलावलं असं कळू देऊ नका.

ताई, मी नंदा. लिफाफा भाताच्या शिताने चिकटवून हा माणूस कुरियरला टाकायला माझ्याच हातात देऊन गेला, आता तूच सांग. वाचलं सगळं. ते दूध खारट होतं ग. चिमूट म्हणताना यांची चिमूट केवढी असते ते त्या निकिताला काय माहीत. आमटीत घालतात तेवढं मीठ. एका दमात प्यायले, कारण थांबले असते तर प्यायलाच नसते. हे यांना सांगू नकोस, शमुवेलभाऊंना शिकवायला निघालेत, शिकवू देत.

सुई काही मी त्या अटीपायी घेतली नाही. ते जायफळ पिऊन खुर्चीत पडले ना, त्या दिवशीच ठरलं होतं. समोर बसून मी बघत होते आणि वाटलं, ज्याला साधं दूध तापवता येत नाही अशा माणसाला मागे ठेवून मला जाता येईल का? खाईल काय हा? पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरात माझ्यासाठी धडपडत होते, म्हणून म्हटलं, होऊ दे आणखी चार दिवस.

आणि मी रडत नाही. सुई टोचताना हे स्वतःचेच डोळे घट्ट मिटून घेतात आणि मलाच विचारतात, लागली का? मग मी तोंड फिरवते, हसू दिसू नये म्हणून. तू ये, मला तुझी आठवण येते. पण सुई यांनाच देऊ दे.