जावयासाठी पाकीट

१८ मे, सोमवार

अधिक महिना कालपासून लागला. पहाटे चारलाच घाटावरचा भोंगा सुरू. तापीत बुडी मारायला गाड्यांमागून गाड्या येताहेत. आमचं प्रकाशा गाव आता महिनाभर झोपणार नाही. मीही नाही.

शेजारच्या रंजनाबाई भाजी घेऊन आल्या. "आप्पा, औंदा तरी जवाईले बलावा. धोंडा मी करी दिसू." मी म्हणालो, माझं बोलणं तुम्ही चाळीस वर्षं ऐकताय. म्हणाल्या, "आयकस ना. म्हनीसन तं सांगस."

जावयाला विष्णू मानायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण म्हणून चांदी-तांबं हातात ठेवायचं. हा हुंडाच, फक्त हप्त्यानं — हे वाक्य माझं. शंभर सभांत त्यावर टाळ्या घेतल्यात. लेक चारूच्या लग्नात भर मांडवात माईक नवरदेव नवनीतच्या तोंडापुढे धरला आणि वदवून घेतलं: सासऱ्याकडून कधीही काही घेणार नाही. त्यानंतर तीन अधिक येऊन गेले. दर वेळी माझी बायको जमना म्हणायची, एकदा बोलवू या जावयाला. दर वेळी वादात मी जिंकलो. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता वाद घालायला घरात कुणी नाही.

२१ मे

जमनाला नेलं त्या दिवशी लाकडंवाल्याचे पैसे नवनीतनं दिले. मला कळू न देता. पण त्याचं पाकीट दिसलं होतं. शिवण उसवलेली, वरून रबरबँड. बियाणे कंपनीची नोकरी, दिवसभर मोटरसायकलवर. घामानं कुजलं असणार. दोन वर्षं झाली, ते रबरबँड डोळ्यांपुढून हलत नाही.

एका माणसानं दुसऱ्याला गरजेची वस्तू दिली तर त्याला वाण म्हणत नाहीत.

(हे वाक्य खोडलं होतं. पुन्हा लिहिलं.)

२३ मे, शनिवार

नंदुरबारला गेलो. एसटीत खिडकीची दांडीसुद्धा तापलेली. मिरची वाळवायच्या पथाऱ्या रिकाम्या, नुसती लाल माती.

गौतमचंद शेठच्या दुकानात पाकिटं मागितली. शेठनं चामड्याची पंधराएक काढली. मी म्हणालो, घामानं न कुजणारं दाखवा. मग त्यांची नात आयुषी एक डबी घेऊन आली. पत्त्यांच्या जोडाएवढं. धातूचे दोन पातळ पत्रे, मध्ये कार्डं सरकवायची, मागे नोटांना क्लिप. बस, एवढंच. माझं स्वतःचं पाकीट गल्ल्यावर ठेवलं होतं — भाषणांच्या चिठ्ठ्यांनी फुगलेलं. ती हसली. "काका, एवढं यात नाही मावणार. अर्धं भाषण घरी ठेवावं लागेल."

दोन प्रकार होते. काळं, ॲल्युमिनियमचं, हलकं. दुसरं स्टीलचं, हाताला जड. मी दोन्हींच्या क्लिपमध्ये नोटा अडकवून झटकून पाहिलं. काळ्यातल्या दोन नोटा खाली पडल्या. स्टीलची क्लिप इतकी घट्ट, की नोट ओढताना कोपरा दुमडला. एकात काही टिकत नाही, दुसऱ्यातून काही निघत नाही. गौतमचंद म्हणाले, "भाऊसाहेब, पाकीट घेताय की उमेदवार निवडताय?"

काहीच न घेता निघालो. स्टँडकडे जाताना चारूची गल्ली लागते. तोंडाशी थांबलो. बोलावल्याशिवाय कसं जायचं? आणि तिनं तरी का बोलवावं, मी कधी बोलावलं? साडेबाराची गाडी मिळाली.

२४ मे

रिवाज म्हणतो, जावयाला धातूचं द्यावं. समोर चामड्याची पंधरा होती आणि मी दोन तास धातूचीच उलटीपालटी करत बसलो. आज हे लक्षात आलं. कुणाला सांगण्यासारखं नाही.

२७ मे

स्टीलचं घेतलं. क्लिप वापरून वापरून सैल होईल. ढिली क्लिप घट्ट होत नाही.

गौतमचंदनं विचारलं, "वाणाचं का?" म्हणालो, भेट आहे. "बरं, भेट. मग भेटीवर नाव कोरून देऊ? मशीन घरचंच आहे. पण नाव घातलं की परत घेणार नाही हां, आधीच सांगतो." मला तेच हवं होतं. परत करण्याची वाटच बंद व्हावी. नाव सांगितलं. शेठनं चष्मा वर केला. "नवनीत? बियाणेवाले? माझ्याकडेच तर येतात." पत्र्यावर अक्षरं उमटेपर्यंत उभा राहिलो. सुबक आलं आहे. घरी आल्यावर अंगठा फिरवून चार-पाचदा वाचलं.

३० मे

फोन हातात घेतला. कागदाशिवाय दोन-दोन तास बोललेला माणूस मी. 'जेवायला या' एवढे दोन शब्द येईनात. ठेवून दिला.

३१ मे

आजही नाही.

१ जून

मंडळाचे सेक्रेटरी धर्मेंद्र आले होते. रविवारी मंगल कार्यालयात समाजाचा मेळावा. विषय — अधिकाचं वाण बंद करा. "आप्पा, तुम्हीच पाहिजेत. तुमच्याशिवाय कोनी आयकत नई." पाकीट टेबलावरच होतं. त्यावर वर्तमानपत्र सरकवलं आणि हो म्हणालो.

नाही म्हणता आलं असतं. पण आठ महिन्यांत कुणी बोलावलं नव्हतं.

आधी भाषण उरकू. मग चारूला फोन.

७ जून, रविवार

सभागृह भरलेलं. पंखे गरम हवा फेकत होते. पहिली पाच मिनिटं आवाज कोरडा. मग एक बाई टाळी वाजवून मोकळी झाली आणि माझं रक्त पेटलं. उदाहरण हवं होतं. डोक्यात एकच वस्तू. म्हणालो — "आज चांदीची लाज वाटते म्हणून सासरा पाकीट देतो! आणि ते खिशात घालायला जो जावई या महिन्यात सासऱ्याचा उंबरा चढतो, तो जावई नव्हे, वसुलीचा माणूस आहे!"

छप्पर उडेल असा टाळ्यांचा आवाज. धर्मेंद्रनं मिठी मारली. तरण्या पोरांनी फोटो काढले. किती दिवसांनी मी मी होतो!

घरी आलो. कुलूप काढलं. जमना असती तर तिनं विचारलं असतं, कुणासाठी ओरडलात एवढं?

८ जून

आज धीर करून चारूला लावला. म्हणालो, रविवारी दोघं जेवायला या.

ती म्हणाली, "काल हे तिथंच होते, आप्पा."

गौतमचंदनं नवनीतला सांगून टाकलं होतं — सासरे तुमच्या नावाचं पाकीट कोरून घेऊन गेले. चारूला हसावं की रडावं कळेना. आप्पांना फोन करायला जड जात असेल, म्हणून तिनंच पुरण शिजवलं आणि नवनीतला मोटरसायकलवर धाडलं — मेळावा संपला की आप्पांना इकडेच घेऊन या. तो मागच्या दाराशी उभा होता. मी पाकिटावर आलो तेव्हा निघाला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"हेल्मेट काढलं आणि न जेवता झोपले."

मग चारू अहिराणीत आली. राग आला की ती आईसारखी बोलते. "आप्पा, तुमी बोलतस ते खरंच ऱ्हास. मन्हा नवराच खोटा पडस." फोन ठेवला.

९ जून

भाषणाचा व्हिडिओ गावभर फिरतो आहे. सकाळपासून अकरा फोन. सगळे अभिनंदनाचे.

११ जून

रंजनाबाईंना धोंड्याचं नको सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. व्हिडिओ त्यांनीही पाहिला असणार.

माझं म्हणणं आजही चूक वाटत नाही. तीच तर अडचण आहे. त्यातलं एकेक वाक्य तपासलं, सगळी टिकतात. पण मागच्या दाराशी कोण उभा आहे ते मी पाहिलं नाही. चाळीस वर्षांत कधीच पाहिलं नसेल. पहिल्या रांगेकडे बघून बोलायची सवय.

१४ जून, रविवार

उद्या अधिक संपतो. दिवसभर पाकीट समोर ठेवून बसलो. त्यावर नाव आहे, दुसऱ्या कुणाला देता येत नाही. मीही वापरू शकत नाही. नेऊन द्यायचं. त्यानं फेकलं तरी चालेल.

१५ जून

पहिल्या एसटीनं नंदुरबार. दार नवनीतनंच उघडलं. मी पाकीट पुढे केलं. त्यानं पाहिलं, नाव वाचलं, आणि माझ्याच हातात परत ठेवलं. "नही आप्पा. माईकवर शब्द देयेल शे. मी लेनारच नव्हतो." मग बाजूला होऊन मला आत यायला वाट दिली. म्हणाला, "पन नही म्हनाकरता तरी माले एकदाव बलावानं व्हतं."