आणखी नको

हुडकेश्वर, नागपूर
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रेमिलाताई,

नमस्कार. खाप्याला थंडी पडली असेल. भाऊजींचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही सगळे मजेत. बाळानं अंग धरलंय, थोरल्या दोघी तिला खाली ठेवू देत नाहीत. माझा फोन दुरुस्तीला दिलाय, म्हणून हे पत्र.

तुला बारशाला येता आलं नाही, तर तेच सांगते.

आमच्या शेजारी बिश्वासकाकू राहतात. यजमान रेल्वेत होते, तेव्हापासून त्या नागपूरच्याच. बाळाला बघायला आल्या, मांडीवर घेतलं, आणि तिसरीही मुलगीच म्हटल्यावर स्वतःच्या नावाची गोष्ट सांगायला लागल्या. त्यांचं नाव आन्नाकाली. मला आजवर वाटायचं, अन्नपूर्णेसारखं काही असेल. त्या हसल्या. "नहीं बेटा. आर ना, काली. बस, अब और नहीं, माँ." बंगालमध्ये पूर्वी मुलींवर मुली झाल्या की धाकटीचं हे नाव ठेवायचे. कालीमातेला विनवणी, की आता आणखी मुलगी नको. म्हणजे आपल्याकडची नकोशीच. "गाँव में सबको पता था. मुझे तो सहेली ने बताया, झगड़े में." सांगताना त्यांचे डोळे भरले.

सासूबाई बाजूला मेथी निवडत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग भाऊ झाला काय?"

"हुआ."

त्याच संध्याकाळी बाळासाठी तेच नाव ठरलं.

हे नाव नको म्हणून मी विहंगच्या पाया पडले. तो मौद्याहून कामावरून दमून आला होता. "नावच तर आहे वं. देवीचं आहे. कोणाले काय समजते? घरी पिंकी म्हणू." सरळ नकोशी ठेवलं असतं तर गल्लीनं नावं ठेवली असती, ताई. परक्या भाषेत सगळं झाकून जातं.

बारशाला माझी नणंद दीप्ती पाळण्याशी बसली. सासूबाईंनी तिला नाव सांगितलं, तेव्हा बायका म्हणाल्या, किती वेगळं! कोणीतरी काकूंना अर्थ विचारला. काकूंनी सासूबाईंकडे पाहिलं. "देवी का नाम है," म्हणाल्या आणि मान खाली घातली.

मग मलाच राहवलं नाही. "आणखी पोरगी नको, असा अर्थ आहे त्याचा," मी म्हटलं. आवाज चिरकला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

दीप्तीनं पाळण्याची दोरी सोडली. "आई, मी नाही ठेवत हे नाव. वहिनी, तूच ठेव." मी वाकून बाळाच्या कानात 'आवडी' म्हटलं. आधी ठरवलेलं नव्हतं, तोंडात आलं ते.

बायकांनी घुगऱ्या घेतल्या आणि गेल्या. दीप्तीही गेली.

फोन दुरुस्तीला नाहीये, ताई. विहंगनं काढून घेतलाय. सासूबाई देवळात जातात तेव्हा दाराला बाहेरून कडी लावतात. मोठीनं एकदा विचारलं, "आजी, कडी काहून लावते?" तर तिला थप्पड बसली. हे पत्र काकू मागच्या खिडकीतून नेतील. त्यांनीच पाकीट आणून दिलं.

सासूबाई म्हणतात, "नावानं काय होते? पोरगा तर पाह्यजेच." डॉक्टरीणबाईंनी सिझरच्या वेळीच बजावलंय, पिशवी पातळ झाली आहे, पुढचं बाळंतपण जिवावर बेतेल. तेव्हाच ऑपरेशन करून टाका म्हटलं, तर विहंगनं करू दिलं नाही. हे तुला कळवलं नव्हतं. कळवून तू काय करणार, असं वाटायचं.

भाऊजींना घेऊन ये. दिवसाढवळ्या ये, गल्ली बघत असताना. हे लोक म्हणतील, हिला आणि बाळाला न्या, मोठ्या दोघींची शाळा आहे. ऐकू नकोस. दोघींना मागे ठेवून माझा पाय उंबऱ्याबाहेर पडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मागच्या वर्षी दिवाळीला आलीस तेव्हा घर म्हटलं की चालायचंच म्हणून समजावून गेलीस. आता समजवायला येऊ नकोस, ताई. न्यायला ये. आम्हा चौघींना.

तुझी धाकटी,
कामिनी