शनिवारचे अध्यक्ष

बाई, काल तुमच्या त्या अध्यक्षांची फार आठवण आली. आधी त्यांची, मग तुमची, रागावू नका.

मी खाडीकाठच्या गावातून पनवेलच्या शाळेत आले होते. पहिल्याच आठवड्यात ‘आमी नाय केला’ म्हटलं आणि सगळा वर्ग खिदळला. त्यानंतर मी तोंडाला कुलूपच लावलं. सोमवारपासून शाळेत यायचं नाही, बापाबरोबर खारीच्या, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीच्या, बांधावर माती टाकायला जायचं, असं मनाशी पक्कं केलं. तुम्हाला ते कसं कळलं कोण जाणे. शुक्रवारी शाळा सुटल्यावर तुम्ही मला घरी नेलंत. अजून दिसतंय ते स्वयंपाकघर. तुम्ही पोळ्या लाटताय, मी पाटावर बसून गूळपोळी खातेय आणि तुम्ही विचारताय, “उद्या कोण होणार तू?” दर शनिवारी आपल्या वर्गात मुलं कुणीतरी मोठा माणूस होऊन फळ्यासमोर बोलायची. त्या शनिवारचे सगळे तुम्ही अमेरिकेतले निवडले होते, पण ज्यांचे पूर्वज हॉलंडहून आलेले. विजेच्या दिव्यावाला डॉक्टरांच्या मुलीने केव्हाच पटकावला होता. चाकांच्या खुर्चीत बसून देश चालवणाराही दुसऱ्या कुणाकडे गेला होता. “तुझ्यासाठी एक जुना अध्यक्ष ठेवलाय,” तुम्ही म्हणालात. “त्याच्या घरी डच बोलायचे, इंग्रजी तो मागून शिकला. अगं, त्याचे पूर्वज तुमच्यासारखेच, समुद्राला बांध घालून शेती करणारे.” मी म्हटलं, “पन मना डच कुठं येते?” तुम्ही तव्यावरची पोळी उलटलीत. “घरचं बोलणं येतं ना? मग तेच बोल.”

शनिवारी तुमच्या यजमानांचा काळा कोट घालून मी उभी राहिले. कोट गुडघ्याच्या खाली. “मी अमेरिकेचा अध्यक्ष हाय,” मी म्हटलं. “आमचे घरान इंग्रजी कोनी बोलत नाय.” डॉक्टरांची मुलगी लगेच उठली. “बाई, हाय नाही, आहे.” तुम्ही चष्म्यावरून तिच्याकडे बघितलंत. “खाली बस. अध्यक्षांना मधे तोडायचं नाही.” वर्ग हसला, पण या खेपेला मीही हसले. मग काय, बांध, भरती, बांधाला पडलेलं भगदाड, सगळं धडाधड सांगून टाकलं. त्यातलं हॉलंडचं किती आणि आमच्या खारीतलं किती, देव जाणे. सोमवारी मी शाळेत होते.

आता त्या खारीत भराव पडून टॉवर उभे राहिलेत. त्यातल्याच एकात मी मुलाकडे राहते, सुखात आहे. काल नात वर्गाच्या मॉनिटरची निवडणूक हरून आली. दप्तर फेकलं, म्हणाली, “उद्यापासून मी शाळेत जाणार नाही.” मी तुमचा अध्यक्ष बाहेर काढला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारते कशी, “मग पुढे काय झालं त्याचं?” मलाही कुठे ठाऊक होतं? मोबाइलवर बघितलं, तर पुढच्या निवडणुकीत तो चक्क आपटला होता. घरी जाऊन शेती करत बसला, बटाटे लावले. बाई, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, बरं केलंत. तेव्हा मला जिंकलेलाच हवा होता. नातीला मात्र हरलेला उपयोगी पडला. बापाचा कोट चढवून सोफ्यावर उभी राहिली. “मी अध्यक्ष हाय. मी हरलेली हाय. पन उद्या मी शालेत जानार हाय.” ही भाषा तिने माझ्याकडूनच उचललेली. सून म्हणाली, “अगं, आहे म्हण.” माझ्या तोंडून आपसूक निघालं, “अध्यक्षांना मधे तोडायचं नाही.”

आज सकाळी नात शाळेत गेली. तिच्या डब्यात मी गूळपोळी दिली. कालपासून घरात ज्याच्या त्याच्या तोंडी ते ‘मधे तोडायचं नाही’च आहे, सून तर म्हणाली, “आई, तुम्हाला बरं सुचतं असलं.” मी नुसती हसले, बाई. तुमचं आहे असं काही म्हटलं नाही.