नानांचा कार्डिओग्राम

नाशिक,
११ ऑगस्ट १९८१

प्रिय दादा,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. इकडे सगळे बरे आहेत. मालिनीचं लग्न ठरतंय हे वाचून आनंद झाला. पोरीला आत्याचा आशीर्वाद सांग.

माझे पाय तसेच. अंगणात चालते, फाटकाशी आले की उचलत नाहीत. एक्स-रे, रक्त, सगळं नॉर्मल. गंगापूर रोडला एक मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडे रिक्षाने जाते.

तू लिहितोस, 'लोकांना मणका सरकलाय म्हणून सांग.' का? मणका सरकला तर संत्री घेऊन भेटायला येशील, आणि डोकं सरकलं तर पत्रावर 'वाचून फाडणे' लिहिशील? तू डॉक्टर आहेस. पाय शरीराचे, भीती मनाची, ही वाटणी तुला जमते. फाटकाशी अडकते ती मी अख्खी असते.

'नानांबद्दल विचारलं तर काही नव्हतं म्हण. मुलाकडच्यांच्या कानावर जायला नको.' हेही तूच लिहिलंस.

नांदगावला नाना म्हणायचे, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. तू त्यांचा कार्डिओग्राम काढून आणलास. "नाना, घोड्याचं काळीज आहे तुमचं!" म्हणालास आणि गल्लीभर पेढे वाटलेस. पेढा हातात धरून नाना म्हणाले, "मग हे दुखतंय ते कुणाचं, दिवाकर?"

आपण सगळे हसलो.

नवव्या दिवशी ते विहिरीत सापडले. पाय घसरला, असं तू सांगत फिरलास. चष्मा पंच्यात गुंडाळून काठावर ठेवल्यावर कुणाचा पाय घसरतो?

सगळा राग तुझ्यावर काढतेय, कारण ते सोपं आहे. त्या सकाळी नाना अंथरुणातून उठेनात. मीच म्हणाले, "उठा आता. डॉक्टर मुलाने सांगितलंय ना, काही झालेलं नाही? पुरे हे नाटक." ते उठले. धोतर नीट केलं. बाहेर पडले. दहा वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काल डॉक्टरांनी विचारलं, "घरात पूर्वी कुणाला काही?"

म्हटलं, "वडिलांना. त्यांनी जीव दिला."

त्यांनी ते लिहून घेतलं.

मुलाकडच्यांना काय सांगायचं ते तू बघ. पण मालिनीला सांग. तिचे आजोबा होते ते, तिला कळायला हवं. पंधरा दिवसांत तू सांगितलं नाहीस, तर मी तिला लिहीन.

वहिनीला नमस्कार. तुला या खेपेस नाही.

इंदिरा