तीन बोटांचं रीळ

१० नोव्हेंबर, सोमवार
शीतल, ही वही कधी वाचशील तेव्हा आधी एवढं सांग, मागच्या खेपेला विसरून गेलेला डबा तुझाच ना? का तेही विसरलीस? तू चिपळूणला सासरी, डबा हितं आजीकडं. त्यात मिरच्या भरल्यात, सुखात हाय.
लिहून घेतेय ती रेखा, वरच्या खोलीतली भाडेकरू, लातूरची. दिवसभर कंपनीत इंग्रजी लिहिते, संध्याकाळी माझं.
तुझा बाप, बबन, बरा हाय म्हणायचं. उरवड्याच्या कारखान्यात प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची. जखम भरली. माणूस भिंतीकडं तोंड करून बसतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
त्याची मासे धरायची काठी माळ्यावरनं काढली. "परत ठेव." एवढंच बोलला. रेखानं खोदून विचारलं तेव्हा कळलं. जुन्या रिळाचा तंगूस, गळाची नायलॉनची दोरी, पहिल्या बोटावर धरायचा, फेकताना सोडायचा. ते बोटच न्हाई.
रेखानं फोनवर दुसरं रीळ शोधलं. बेटकास्टिंग म्हणतात. काठीच्या वर बसतं. अंगठ्यानं बटण दाबायचं, फेकायचं, पळणारं चाक अंगठ्यानंच आवरायचं. अंगठा म्हटल्यावर मला भरवसा वाटला. माझा जन्माचा कारभार त्याच्यावरच चाललाय.

१५ नोव्हेंबर, शनिवार
रेखा वाचते, मी नाकं मुरडते. जुनी काठी ह्याला चालत न्हाई म्हणे, म्हणजे काठीसकट तीन हजारांत बसवायचं. एकात बेअरिंग दहा, एकात बारा. मासा काय मोजून गळाला लागतो?
नवख्याच्या हातात चाक तंगुसापेक्षा जोरात पळतं नि गुंता होतो. म्हणून ब्रेक. एकाचा ब्रेक झाकण उघडून आत, टिकलीएवढे तुकडे सरकवायचे. तीन बोटांनी? रद्द. दुसऱ्याचा बाहेरनं फिरवायचा. तेच घे म्हटलं. तंगूस गुंडाळायची मूठ डावीकडं हवी, डावा हात धड हाय. रेखानं दोनदा बघून घेतलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
रीळ आलं. बबननं मान वळवली न्हाई.
भात काढलेल्या खाचरात मीच काठी घेऊन उभी राहिले. गळाच्या जागी लोखंडी नट. ब्रेक रेखानं घट्ट केलेला, त्यामुळं नट सरळ जाऊन पडला. गुंता न्हाई, काही न्हाई. असल्या रिळाचा मला काय उपयोग? रेखा आत गेल्यावर ब्रेक पार सैल केला नि फेकलं. तंगुसाचं सुगरणीचं घरटं झालं.
तसंच नेऊन बबनपुढं ठेवलं. "बघ, बिघडलं." तासभर तीन बोटांनी सोडवत बसला.

२३ नोव्हेंबर, रविवार
रोज एक घरटं. आज सोडवता सोडवता म्हणाला, "आये, ब्रेक रोज कोण सैल करतं?"
"मला कुठं आकडे वाचता येतात?"
"आकडे न्हाईतच त्याच्यावर. ठिपके हायेत, बारीक नि मोठे."
मी भाकरी उलटायला गेले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
खाचरात स्वतः उभा राहिला. ब्रेक स्वतः लावला. दोनदा बरं पडलं. तिसऱ्यांदा जोर केला नि घरटं. ह्या वेळी माझा हात नव्हता, देवाशपथ.
तंगूस कापायला विळा मागितला. मी दिला न्हाई. काठी कुडाला टेकवून आत गेला. भिंतीकडं तोंड.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
काठी तशीच, गुंता तसाच. मी हात लावत न्हाई. रेखालाही लावू दिला न्हाई. लई जड गेलं, पण त्याचा गुंता त्याचा.

३० नोव्हेंबर, रविवार
सकाळी कुडाला काठी न्हाई, दारात गाडी न्हाई. तुझी आई म्हणाली, उजाडायच्या आत माळ्यावर रबरी बेडूक शोधत होते. बेडूक म्हणजे मरळ माशाचं आमिष. मुठा नदीच्या डोहावर गेला असणार.
दुपार टळली, आला न्हाई. रेखा म्हणाली, "आजी, फोन लावू?"
"नको. एक हात काठीला, एक मुठीला. फोन कशानं घेणार?"
एवढं पान रेखा आजच तुला धाडणार हाय. तर शीतल, आमसुलं पाठव. मरळ आली तर कालवणात पडतील, न्हाई आली तर आमटीत. पिशवीतच बांध, डबा तुझ्याकडं न्हाई.