एम यायला अजून वेळ आहे

सोमवार, ५ एप्रिल १९९३. सकाळी ६.१०
पाटावर वही ठेवून लाल पेन्सिलीने समास आखतो आहे. काल राजवाड्याच्या फुटपाथवरून ‘७५० इंग्लिश इडियम्स’ घेतलं. इंटरव्ह्यू गुरुवारी, १५ तारखेला. तयार शर्टांची नवी कंपनी, पलासियाला ऑफिस. जागा: ऑफिस असिस्टंटची. आता लिबरलायझेशन आलं. इंग्रजीशिवाय काही खरं नाही.
हिशोब: ७५० भागिले १० दिवस, रोज ७५. प्रत्येक इडियम पाच वेळा, सुवाच्य अक्षरात. सहज होईल.

त्याच दिवशी. रात्री ९
झाले ९. शाई गळली, पान पुन्हा लिहावं लागलं. खाडाखोड चालणार नाही. उद्या १४१ करीन.

मंगळवार, ६ एप्रिल
१४. ए या अक्षराखाली फार आहेत, कारण ज्यांच्या आधी ‘अ’ हे आर्टिकल आहे ते सगळे तिथेच घातलेत. मैत्री म्हणाली, दादा, वेडा आहेस का, कामाचे तेवढे घे, एमखाली बघ, ‘मेक बोथ एन्ड्स मीट’, म्हणजे मिळेल त्यात घर भागवणं, इंटरव्ह्यूत हेच लागणार. मी सांगितलं, एम आला की बघू. क्रम म्हणजे क्रम. बारावीतल्या मुलींना पद्धत कळत नाही.

गुरुवार, ८ एप्रिल
आई आता तिसऱ्या घरी पोळ्या लाटायला जाते. मिलने बाबांचे पैसे अजून दिलेले नाहीत, मिल बंद होऊन सव्वा वर्ष झालं. मला नोकरी लागली नाही तर जूनमध्ये मैत्रीचं कॉलेज नाही. हे घरात कुणी बोलत नाही. मैत्री तर मुळीच नाही. म्हणून मीही इथे एकदाच लिहितो.
आज ११ इडियम्स. डोकं दुखत होतं.

रविवार, ११ एप्रिल
शामकडे प्रॅक्टिस. तो सियागंजात किराण्याच्या पेढीवर मुनीम आहे. गोणीवर बसून साहेब झाला. मी बोललो, तो प्रत्येक वाक्याला यस म्हणाला. शेवटी म्हणाला, भिया, अपने को तो घंटा समझ में नहीं आया, मतलब तू सिलेक्ट है. आत्मविश्वास वाढला.
बाबांची मात्र काळजी. सत्तावीस वर्षं मिलच्या लूमच्या खडखडाटात काढल्याने साधं पाणी मागतात तेही गल्लीला ऐकू जातं. शिवाय समोरच्याच्या शर्टाचं कापड अंगठ्याने चोळून बघायची सवय. आज शामचा शर्ट चोळला आणि सांगितलं, किती दिले, साठ? फसलास बेटा, दोन धुण्यांत जाळी होईल.
ठराव: बाबांना इंटरव्ह्यूच्या आसपास फिरकू द्यायचं नाही.

बुधवार, १४ एप्रिल
जयंती. सगळे महूला गेले. मी अभ्यासासाठी घरी. दुपारी ढोल ऐकू आले, म्हणून चौकापर्यंत गेलो, मिरवणुकीबरोबर थोडा चाललो. संध्याकाळी परतलो.
एकूण ८८. सगळे ए. पण पक्के.

गुरुवार, १५ एप्रिल. दुपारी २
सविस्तर लिहितो.
शामकडून आणलेल्या टायवर घाम नको म्हणून बाबांनी सायकलवर डबलसीट नेलं. मी बजावलं, बाहेर पॅसेजमध्ये बसा, बोलू नका, कशाला हात लावू नका. बाबा म्हणाले, बरं साहेब. हे सगळ्या पॅसेजने ऐकलं.
मॅनेजर जयसिंगराव, आपलेच मराठी. मराठीतच विचारलं, शिक्षण किती? मी इंग्रजीत सांगितलं, बारावी अर्धी, अ बोल्ट फ्रॉम द ब्लू. मिल बंद पडणं, शाळा सुटणं, सगळं एका विजेच्या तडाख्यात आलं. ते म्हणाले, बरं, पगार किती अपेक्षित? अ ड्रॉप इन द ओशन, म्हणालो. सागरात थेंब, म्हणजे नम्रता. ते म्हणाले, अहो, आकडा सांगा.
मग विचारलं, नोकरी कशासाठी हवी? याचं उत्तर एमखाली होतं. मी एमला पोचलो नव्हतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, अ बेड ऑफ रोझेस. गुलाबांची शेज, म्हणजे आराम.
तेवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज: हा तागा पास कुणी केला? हातहातभर अंतरावर आडवा धागा तुटलाय, आंधळा होता काय!
पॅसेजमध्ये कापडाचे तागे रचलेले होते. बाबांनी हात लावला होता.
जयसिंगराव माझं वाक्य अर्धवट सोडून बाहेर गेले. मी एकटाच वीस मिनिटं बसलो. काचेतून दिसत होतं, बाबा एकेक तागा उलगडतायत, अंगठा फिरवतायत, आणि साहेब खाली वाकून बघतायत. सहा तागे बाजूला निघाले.
मला आत येऊन सांगितलं, कळवू.
माझ्या मते इंप्रेशन उत्तम. बाबांशी एवढं बोलले ते माझी चौकशी करायलाच असणार.

शुक्रवार, २३ एप्रिल. सकाळी ११.४०
टपाल आलं. इंग्रजीत टाईप केलेलं. आई पिठाच्या हातानेच बाहेर आली. मी उभा राहून मोठ्याने वाचायला लागलो. पहिल्याच ओळीत नाव: श्री आनंदराव. म्हणजे बाबांचं.
कापड तपासनीस. महिना चौदाशे. एक तारखेपासून हजर व्हावं.
बाबा म्हणाले, पुढे वाच. पुढे माझ्याबद्दल काही नव्हतं. मी पान उलटून पाठही बघितली. बाबांनीही बघितली, मग माझ्या शर्टाची बाही अंगठ्यात धरून बसले.
पत्रात एक स्पेलिंग चुकलं होतं. पेन्सिल काढली, पण आईने हात धरला, म्हणाली, राहू दे रे, तसंच राहू दे.
मैत्रीने पुस्तक एमवर उघडून माझ्यापुढे ठेवलं. तिचे डोळे लाल होते, पण हसत होती. मी पानं उलटून परत ए काढलं. नंबर ८९.
उद्यापासून नव्या वहीत.

खर्च: पुस्तक १२ रु., वही ४.५०, शाई ३, शामचा टाय ड्रायक्लीन ६. एकूण २५.५०.
देणे: मैत्रीच्या पैसे साठवायच्या गुल्लकीला, सगळे तिथूनच घेतले होते, २५.५०. बाबा म्हणाले, पहिल्या पगारातून टाकतो. मी नको म्हणालो. मग हो म्हणालो.
शिल्लक इडियम्स: ६६२.